टर्बाइन बारा वाजता सुरू होतं

शहराचं नाव मी सांगणार नाही. बॉस्टनपासून गाडीने तासाभरावर आहे, कालवे आहेत, बंद पडलेल्या कापडगिरण्या आहेत, एवढं पुरे. नाव सांगितलं तर आर्मंड नावाच्या एका भल्या माणसावर ठपका यायचा, आणि सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं काढल्यामुळे ठपका म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. प्रवरा डावा कालवा, श्रीरामपूरकडचा भाग. कुणाच्या शेताला पाणी कधी आणि किती तास द्यायचं ते पाहणं हे माझं काम. दुसरं काम लोकांना ओरडणं. कालव्यात म्हशी घालू नका, गोधड्या धुऊ नका, निर्माल्य टाकू नका. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी वाहतं पाणी दिसलं की मी आधी काठाकडे बघायचो, कुठे पाझरतंय का म्हणून. शोभना, म्हणजे माझी बायको, ह्याला आजार म्हणते.

२००६च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं आमच्या एकुलत्या एका लेकीकडे, आसावरीकडे, अमेरिकेत आलो. तिला दिवस गेले होते, डिसेंबरची तारीख होती. शोभनाने सामानात लोणची-पापड कमी आणि जुन्या लुगड्यांचे तुकडेच जास्त आणले होते. आल्या दिवसापासून तिने बाळासाठी गोधडी शिवायला घेतली. मधोमध तिच्या आईच्या हिरव्या इरकली लुगड्याचा चौकोन, भोवती माझ्या आईचं, आत्याचं, दोन्ही घरांतल्या ज्या बायका आता नाहीत त्यांच्या एकेका लुगड्याचा तुकडा. दीड-दोन महिने ती खिडकीशी बसून टाके घालत होती. आईचं तेवढं एकच लुगडं उरलं होतं आणि ते तिने कापलं होतं. गोधडी डोहाळजेवणाच्या दिवशी लेकीच्या ओटीत घालायची, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्याच काळात घरात दुसरंही काही साठत होतं, ते म्हणजे निर्माल्य. गणपती झाले, नवरात्र झालं, रोजची पूजा चालूच. वाळलेले झेंडू, दूर्वा, पत्री. शोभना ते कचऱ्यात टाकू देईना. आमचा जावई शैलेंद्र एकदा बोलून बसला की बॅकयार्डमध्ये कंपोस्ट करू, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस तो फक्त हवामानावर बोलत होता. निर्माल्य वाहत्या पाण्यातच सोडायचं, हा तिचा हट्ट. आणि ज्या मी आयुष्यभर ह्याच गोष्टीवरून लोकांची खरडपट्टी काढली, तो मी म्हणत होतो की माझ्या हातून हे होणार नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी दीड वाजता घरीच डोहाळजेवण होतं. आसावरीची मैत्रीण विनीता आणि आणखी चौघीजणी सकाळीच घर सजवायला येऊन ठेपल्या. "काका, काकू, तुम्ही हिला एक वाजेपर्यंत बाहेर घेऊन जा. सरप्राइज आहे," विनीता म्हणाली. ज्या कार्यक्रमाची आमंत्रणं आसावरीने स्वतः ई-मेल केली होती त्यात सरप्राइज कसलं, ते मला कळलं नाही. पण इथे तशी पद्धत आहे म्हणे.

"बाबा, चला, तुम्हाला कॅनॉल दाखवते," आसावरी म्हणाली. "एक जुनी मिल रिस्टोर करून म्यूझियम केलंय. आई, तिथे लूम्स पण चालवून दाखवतात, तू बोअर नाही होणार."

निघताना शोभनाने एक मोठी कापडी थैली गाडीच्या डिकीत ठेवली. तिच्यात दोन पिशव्या होत्या. दोन्ही आमच्या इंडियन ग्रोसरीवाल्याच्या, दोन्ही गुलाबी, दोन्हींना शोभनाची ती दुहेरी गाठ, जी तिची तिलाच सुटते. एकीत निर्माल्य होतं. दुसरीत गोधडी, घरी ठेवली तर मैत्रिणी उघडून बघतील म्हणून तिने बरोबर घेतलेली. पिशव्या दोन आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी आजही सांगतो आणि आजही ते कुणी ऐकत नाही.

आसावरीने गाडी कालव्याच्या वरच्या अंगाला, एका लोखंडी पुलाजवळ लावली. तिथून म्यूझियम अर्धा मैल, असं ती म्हणाली, काठाकाठाने चालत जायचं. ती पार्किंगच्या मशीनपाशी गेली तशी शोभना माझ्या कानाशी लागली.

"मी तिला घेऊन पुढे होते. तुम्ही थैलीतली वरची पिशवी घ्या, पुलावरून निर्माल्य सोडा आणि थैली घेऊन मागून या. प्लास्टिकची पिशवी पाण्यात टाकू नका."

"कालव्यात? मी?"

"इथले कालवा निरीक्षक तुम्ही नाही," ती म्हणाली आणि लेकीचा हात धरून चालू लागली.

लग्नाला तेहतीस वर्षं झाली की कुठलं भांडण करायचं आणि कुठलं सोडून द्यायचं हे माणसाला कळतं. मी वरची पिशवी काढली आणि पुलावर गेलो. खरं सांगतो, तो कालवा बघून आधी मला भरून आलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या दगडी भिंती, उभ्या, सरळ, कुठे एक पाझर नाही, दगडांच्या फटीत एक रोपटं उगवलेलं नाही. असल्या पाण्यात आपण कचरा टाकणार, ह्याचीच लाज वाटली. गाठ सुटेना. तेवढ्यात समोरून कुत्रा घेऊन धावणारी एक बाई आली आणि माझा धीरच सुटला. मी हात कठड्यापलीकडे नेला आणि पिशवी तशीच सोडून दिली, प्लास्टिकसकट. बाई "गुड मॉर्निंग" म्हणून पुढे गेली. खाली पिशवी फुगली होती आणि गिरणीच्या दिशेने निवांत निघाली होती.

मी घड्याळात पाहिलं. दहा पस्तीस. पाणी सोडलं की वेळ बघायची, ही नोकरीची सवय.

गिरणीची इमारत पाच मजली, लाल विटांची. विटा घासून-पुसून अशा लख्ख केलेल्या की काल बांधली म्हटली तरी पटावं, पण आतल्या लाकडी जमिनीवरचे तेलाचे जुने डाग मात्र मुद्दाम राखलेले. आम्हाला दाखवायला आर्मंड होता. सत्तरी ओलांडलेला, आडव्या हाडाचा, निळं जाकीट, कानात मशीन. त्याचे आईवडील कॅनडातून ह्या गिरणीत कामाला आले होते आणि तो स्वतः सोळाव्या वर्षी लागला होता. गिरणी बंद पडली, त्याने पुढे दुसऱ्या नोकऱ्या केल्या, आणि आता म्हातारपणी पगार न घेता इथे परत आला होता. तो इंग्रजीत बोलायचा, आसावरी आम्हाला समजावून सांगायची. त्याने दोन माग चालू केले तर जमीन पायाखाली थरथरू लागली. खाली तळघरात पाण्यावर चालणारं जुनं टर्बाइन आहे, असंही तो म्हणाला.

"आम्हाला एक वाजता घरी पोचायचंय. टर्बाइन आत्ता बघता येईल का?" मी आसावरीकरवी विचारलं.

त्याने भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं. प्रात्यक्षिक, बारा वाजता. "नून," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला. मला माणूस आवडला.

मागांच्या खोलीच्या शेवटी एक लांब टेबल होतं. त्यावर गिरणीत निघणाऱ्या कापडांचे नमुने ठेवलेले. हात लावून बघा, असं आर्मंडने सांगितलं. शोभनाने एकेक कापड बोटांत धरून पाहिलं, आणि मग तिला राहवलं नाही.

"आसावरी, ह्यांना म्हणावं, आमच्याकडचं पण बघा. आता तू बघितलंस तरी चालेल, दोन तासांचाच प्रश्न आहे." तिने माझ्या खांद्यावरची थैली घेतली, आतली गुलाबी पिशवी काढली, दातांनी गाठ सोडली आणि पिशवी टेबलावर पालथी केली.

वाळलेले झेंडू टेबलभर झाले. थोड्या दूर्वा, एक केवड्याचं पान, अर्धवट जळलेली एक वात. आर्मंडने वाकून वात उचलली आणि आदराने परत ठेवली. हेच आमचं कापड असावं, असं त्याला वाटलं असणार.

शोभनाने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कुठली पिशवी टाकलीत?"

"वरची," मी म्हणालो. "वरचीच सांगितली होतीस."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती बाकावर बसली आणि हळूच म्हणाली, "आईचं लुगडं होतं ते." आसावरीला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा ती एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही कॅनॉलमध्ये प्लास्टिक बॅग टाकलीत? तुम्ही?"

माझं डोकं चालू झालं होतं. पिशवी घट्ट बांधलेली, आत हवा, म्हणजे तरंगणार. पाणी येतंय ह्याच इमारतीकडे. मी मूठभर झेंडू उचलले आणि बाहेर कालव्याच्या काठाकडे निघालो. मागून आर्मंड, त्याच्यामागून मायलेकी.

पाण्याचा वेग मोजायला आमच्याकडे साधी रीत आहे. वर तरंगणारं काहीतरी सोडायचं, शंभर फूट जायला किती वेळ लागतो ते बघायचं. कठड्याचे खांब किती अंतरावर आहेत, असं मी आर्मंडला विचारलं. आधी त्याने फुलांकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या होत्या, पण मी घड्याळ पुढे धरलेलं बघून तो थांबला. "दहा फूट," तो म्हणाला. मी एक झेंडू पाण्यात सोडला आणि त्याच्या बाजूने चालत गेलो. दहा अंतरं, दोन मिनिटं. खात्रीसाठी दुसरा सोडला. तोही दोन मिनिटं. मिनिटाला पन्नास फूट, आणि पुलापासून इथवर अर्धा मैल, म्हणजे दोन हजार सहाशे चाळीस फूट. पुलापासून इथे यायला पिशवीला त्रेपन्न मिनिटं लागणार.

"अकरा अठ्ठावीस," मी म्हणालो. घड्याळात अकरा चौदा झाले होते. पिशवी अजून वाटेत होती. पण भिंती दहा-बारा फूट उभ्या, पिशवी पाण्याच्या मधोमध, होडी नाही की काही नाही. इथे आल्यावरच ती धरता आली तर आली असती.

आर्मंडने इमारतीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे कालव्याला दोन वाटा होत्या. समोर सांडवा, त्यावरून पाणी थेट नदीत पडत होतं. डावीकडे इमारतीच्या पोटात शिरणारी कमान, तिच्या तोंडाशी लोखंडी जाळी. टर्बाइन चालू असलं की पाणी जाळीकडे ओढतं आणि कचरा तिथे अडकतो. टर्बाइन बंद असलं की सगळं सांडव्यावरून नदीला.

"म्हणजे टर्बाइन आत्ता सुरू करायला हवं," आसावरी म्हणाली. "प्लीज."

आर्मंडचा चेहरा पडला. "नून," तो म्हणाला. मग हळू आवाजात बरंच काही म्हणाला. वेळ ठरलेली आहे, वही आहे, वहीत लिहावं लागतं, एकासाठी आधी सुरू केलं तर उद्या दुसरा येईल. आसावरी भाषांतर करू लागली तर मी तिला थांबवलं. हे सगळं मला पाठ होतं.

चौऱ्याहत्तर साली आमचं नवं लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. सासऱ्यांचं शेत चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या, शेवटाला होतं. त्यांची पाण्याची पाळी गुरुवारी होती. मंगळवारी ते सायकलवर आले आणि म्हणाले की कांद्याचं रोप माना टाकतंय, गेट आज उघडता आलं तर बघा. मी म्हणालो, गुरुवारी. ते "बरं" म्हणाले आणि चहा न घेता गेले. रोप वाळलं. तेव्हापासून आजवर आमचं कुठलंही भांडण, भाजीत मीठ जास्त झाल्याचं का असेना, शेवटी त्या रोपाशी येऊन थांबतं. आणि आता मी परक्या मुलखात एका गेटवाल्यापुढे उभा होतो आणि शोभना माझ्याकडे बघत होती.

माझं इंग्रजी अर्जांपुरतं. तेच काढलं. "सर, आय ॲम ऑल्सो कॅनॉल इन्स्पेक्टर. गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्रा, थर्टी टू इयर्स. नेव्हर ओपन गेट बिफोर टाइम. नॉट फॉर फादर-इन-लॉ. यू आर राइट, सर. बट टुडे आय ॲम रिक्वेस्टिंग."

आर्मंडने कानातलं मशीन नीट केलं आणि आसावरीला विचारलं, पिशवीत आहे तरी काय. तिने सांगितलं. पणजीचं लुगडं, आजीचे टाके, असं म्हणत तिने पोटावर हात ठेवला. त्याने एकदा सांडव्याकडे पाहिलं. मग आत जाऊन एक जाडजूड वही घेऊन आला, पहिल्या पानावरचे नियम बोटाने वाचत खाली आला आणि एका ओळीवर थांबला. प्रात्यक्षिक बारा वाजताच. पण प्रात्यक्षिकाआधी गेटची चाचणी घ्यावी, आणि ती कधी घ्यावी हे चालकाने ठरवावं. त्याने खिशातून पेन काढून लिहिलं: अकरा वीस, चाचणी.

तळघरात एक भलं मोठं लोखंडी चाक होतं. ते फिरवलं की गेट वर उचललं जातं. दोघांचं काम, आणि त्याचा जोडीदार बारालाच येणार होता. मी बाह्या सरसावल्या. चार वर्षांनी हातात गेटचं चाक आलं होतं. दोघं म्हातारे घामाघूम झालो. आधी खालून गुरगुर आली, मग पाणी आत घुसलं आणि टर्बाइन फिरू लागलं. आम्ही धापा टाकत जाळीच्या वरच्या फळीवर आलो.

जाळीपाशी पिवळी पानं जमू लागली. एक बाटली आली, एक टेनिसचा चेंडू आला. अकरा अठ्ठावीस झाले. पिशवी नाही. तीस झाले. आसावरी म्हणाली, "बाबा, हाफ मैल हे मी अंदाजे सांगितलं होतं हं." बत्तीस झाले. शोभनाने माझ्या शर्टाची बाही धरली होती. अकरा चौतीसला कोपऱ्यावर गुलाबी काहीतरी दिसलं. ते आधी सांडव्याकडे गेलं, तिथे जरा घुटमळलं, गोल फिरलं आणि सावकाश आमच्याकडे वळलं. आर्मंडने जाळी साफ करायचं लांब दांताळं खाली सोडलं आणि पिशवी वर घेतली.

गाठ कापायला त्याने चाकू पुढे केला. शोभनाने मान हलवून नको म्हटलं आणि दातांनी सोडली. आत गोधडी कोरडी होती, एका कोपऱ्यात वीतभर ओल. आसावरी पायरीवर बसली, गोधडी पोटावर पसरली आणि हसता हसता रडू लागली. आर्मंडने हात पुसून हिरव्या चौकोनाला एक बोट लावलं आणि काठाला हात फिरवत टाके पाहिले. मग त्याने वहीत लिहिलं: चाचणी ठीक.

निघताना मी त्याला घरी जेवायला बोलावलं. बारा वाजता टर्बाइन आहे, असं तो म्हणाला.

आसावरी गाडी इकडेच आणायला गेली. आम्ही दोघं कालव्याकाठी उन्हात बाकावर बसलो. मला गप्प बसवेना.

"शोभना, आमच्याकडेही ते होतं. गेटची चाचणी. पाळीच्या आधी केव्हाही घेता यायची. तुझ्या वडिलांच्या वेळी मला ते सुचलं नाही. सुचायला हवं होतं."

"बाबांना सुचलं होतं," ती म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो.

"आपल्या लग्नाआधी बाबा दहा वर्षं पाटकरी होते. चारीवर पाणी वाटायचे. नियम तुमच्याआधी त्यांना पाठ होते. आईनेच मला सांगितलं, त्या मंगळवारी ते घरी येऊन तिला म्हणाले, चाचणीचं बोललो असतो तर पोराने गेट उघडलं असतं. पण मग गावात झालं असतं की सासऱ्याने म्हटलं आणि जावयाने उघडलं. चार वर्षांचीच नोकरी आहे त्याची. रोप काय, पुन्हा टाकता येतं."

कालव्यावरून एक-दोन पानं वाहत गेली.

"हे तुला तेव्हापासून माहीत होतं?" मी विचारलं. "आणि बत्तीस वर्षं मला ऐकवत राहिलीस?"

"मग," शोभना म्हणाली, "रोप गेलंच होतं ना." तिने गोधडीचा ओला कोपरा माझ्या हातात दिला. "नीट धरा उन्हात. गाडी येईपर्यंत वाळायला हवा."

मी दोन्ही हातांनी धरून बसलो.